अमेरिकन मोटेलांची जुनी पोस्टकार्डं: आधी मागची बाजू वाचा

निळंशार आभाळ, एक लांबलचक बैठी इमारत, प्रत्येक दारासमोर एक गाडी, बाजूला निऑनची पाटी आणि परवडलं असेल तर पोहण्याचा तलाव. १९४० ते १९६५ च्या दरम्यानच्या अमेरिकन मोटेलच्या, म्हणजे गाडीनं येणाऱ्यांसाठीच्या रस्त्याकडेच्या हॉटेलच्या, पोस्टकार्डावर बहुतेक वेळा एवढंच असतं. अशी दहा कार्डं शेजारी मांडली तर आठ-नऊ एकमेकांची भावंडं वाटतात. चित्र आवडलं की घ्यायचं, असं करत गेलात तर वर्षभरात खोकं भरतं आणि त्यात नेमकं काय आहे ते सांगता येत नाही. कार्ड उलटं केलं की मात्र रस्त्याचा नंबर, गावापासूनचं अंतर, मालक नवरा-बायकोचं नाव, फोन, छापखाना, छपाईचा नंबर आणि कधी तिकीट-शिक्का असा सगळा ऐवज समोर येतो. म्हणून पहिला नियम: मागची बाजू दाखवत नसेल त्या विक्रेत्याकडून कार्ड घ्यायचं नाही.

ही कार्डं मोटेलवाले स्वतःच्या खर्चानं छापून घेत आणि खोलीतल्या टेबलाच्या खणात लिहिण्याच्या कागदांबरोबर फुकट ठेवत. पाहुणे ती उचलून घरी नेत, आठवण म्हणून ठेवत. त्यामुळे कधीच न पाठवलेली, कोरी कार्डं आजही भरपूर मिळतात आणि छंद खिशाला झेपतो.

आधी रस्ता ठरवा

“अमेरिकन मोटेल” हा विषय संग्रहासाठी फार मोठा आहे. राज्यावार जमवणारे पुष्कळ आहेत, पण मोटेल जन्माला आलं ते रस्त्यामुळे आणि बहुतेक वेळा मेलं तेही रस्त्यामुळेच. १९५६ च्या कायद्यानं इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारे रुंद महामार्ग बांधायला घेतले, वाहतूक गावाबाहेरून जाऊ लागली आणि जुन्या रस्त्यावरची मोटेलं ओस पडली. म्हणून एक रस्ता निवडा आणि त्यातलंही एकच राज्य.

सगळ्यांना हवा असतो तो रूट ६६, शिकागो ते सांता मोनिका, १९२६ साली नंबर मिळालेला आणि १९८५ साली महामार्गांच्या यादीतून काढलेला. मागणी जास्त, म्हणून किंमतही जास्त. तोच धरायचा असेल तर न्यू मेक्सिकोचा तुकडा घ्या: टुकमकारी, सांता रोझा, आल्बुकर्की, ग्रँट्स, गॅलप. मोटेलांची दाटी असल्यानं कार्डं मिळत राहतात. टुकमकारीचं ब्लू स्वॅलो (१९३९) सगळ्यांनाच हवं असतं, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात करू नका. शेजारच्या विसरल्या गेलेल्या मोटेलांची कार्डं निम्म्या किमतीत येतात. कमी खर्चात खोल जायचं असेल तर यू.एस. ४१, यू.एस. ४० किंवा यू.एस. १ हे जुने महामार्ग बघा. तिथे चढाओढ कमी असते.

छोटा, पुरा होण्यासारखा संच हवा असेल तर विगवॅम मोटेलं आहेत: मूळ अमेरिकनांच्या टिपी नावाच्या शंकूसारख्या तंबूच्या आकाराच्या काँक्रीटच्या खोल्या. फ्रँक रेडफर्डच्या कल्पनेतून अशा सात वसाहती झाल्या. त्यातल्या केव्ह सिटी (केंटकी), होलब्रुक (ॲरिझोना) आणि सॅन बर्नार्डिनोजवळची (कॅलिफोर्निया) अशा तीन अजून उभ्या आहेत. या तिघींची वेगवेगळ्या काळातली कार्डं जमवली तरी छान संच होतो.

आणखी एक धागा फारसं कुणी धरत नाही, पण धरावा असा आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना बहुतेक मोटेलांत खोली मिळत नसे. कुठे मिळेल याची ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका १९३६ पासून निघत होती. कृष्णवर्णीयांना खोली देणारं अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं ए. जी. गॅस्टन मोटेल (१९५४) किंवा मेम्फिसचं लॉरेन मोटेल यांची कार्डं या इतिहासातली. उलट बाजूला हार्ट ऑफ अटलांटा मोटेल: कृष्णवर्णीयांना खोली नाकारण्याचा हक्क मागत ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर १९६४ मध्ये हरलं. ही सगळी कार्डं शेजारी ठेवली की गुळगुळीत जाहिरातीतल्या तलावाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

शोधताना फक्त “मोटेल” लिहून भागत नाही. हा शब्द १९२५ साली कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पोला उघडलेल्या माइलस्टोन मो-टेलपासून आला, पण रुळायला वेळ लागला. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या कार्डांवर “टुरिस्ट कोर्ट”, “मोटर कोर्ट”, “ऑटो कोर्ट”, “कॉटेजेस”, “कॅबिन्स” असं असतं; पुढे “मोटर लॉज” आणि “मोटर इन” येतात. प्रत्येक शब्दानं वेगळा शोध घ्या. गावाचं नाव आणि रस्त्याचा नंबर घालून मोटेल हा शब्द मुद्दाम वगळून बघा. विक्रेत्यानं “रस्त्याकडेचं दृश्य” म्हणून टाकलेलं स्वस्त कार्ड असंच हाती लागतं.

कार्डांच्या तीन जाती

लिनन कार्ड बोट फिरवलं की कळतं. कागदावर कापडाच्या विणीसारखे बारीक उंचवटे दाबलेले असतात. १९३० च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत १९५० च्या दशकात ओसरली. शिकागोची कर्ट टाइख कंपनी यातली सगळ्यात मोठी. बोस्टनची टिचनर ब्रदर्स आणि मिलवॉकीची ई. सी. क्रॉप हीसुद्धा नेहमी भेटणारी नावं. लिननबद्दल एक पक्कं ध्यानात ठेवा: त्यावरचा रंग हा पुरावा नाही. मूळ फोटो काळा-पांढरा असे. छपराचा रंग लाल की हिरवा याच्या टिपणीवरून छापखान्यातला कलाकार रंग भरी. त्याच हातानं तो विजेचे खांब आणि तारा पुसे, आभाळात ढग घाली, उजाड अंगणात हिरवळ आणि झाडंही लावी. तेव्हा “हे मोटेल गुलाबी होतं” असं लिननवरून म्हणू नये.

क्रोम कार्ड गुळगुळीत, चकचकीत आणि रंगीत फिल्मवरून छापलेलं असतं. १९३९ साली युनियन ऑइलनं आपल्या पेट्रोलपंपांवर अशी कार्डं आणली. युद्धानंतर ती वाढली आणि १९५० च्या दशकात त्यांनी लिननला हटवलं. मोटेलांची बहुसंख्य कार्डं याच जातीची. मागे “प्लास्टिक्रोम”, “कर्टाइखकलर”, “डेक्स्टर प्रेस”, “एमडब्ल्यूएम” अशी नावं सापडतात.

रियल फोटो म्हणजे खऱ्या फोटो-कागदावर काढलेली प्रत. दहापट भिंगातून बघा: छापील कार्डात ठिपके दिसतात, यात सावली सलग उतरते. गडद भागात तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसली तर ती जुन्या फोटोची खूण. मागच्या तिकिटाच्या चौकटीत कागदाच्या कंपनीची अक्षरं असतात: एझेडओ, ईकेसी, डीओपीएस. लहान गावातलं, आठ-दहा खोल्यांचं, रंगीत छपाई न परवडलेलं मोटेल बहुधा फक्त याच जातीत मिळतं.

तारीख कशी काढायची

विक्रेत्यानं लिहिलेलं “१९५० चं दशक” हा बहुतेक वेळा अंदाज असतो. स्वतः काढायला शिका. एका खुणेवर कधीही विसंबू नका. निदान तीन खुणा जुळवा.

कर्ट टाइखच्या कार्डावर नंबर असतो, समोर खालच्या कोपऱ्यात किंवा मागे. आधी एक आकडा, मग एक अक्षर. अक्षर दशक सांगतं: ए म्हणजे १९३० चं, बी १९४० चं, सी १९५० चं, डी १९६० चं. आकडा त्या दशकातलं वर्ष. म्हणजे ७बी = १९४७, ३सी = १९५३. त्यापुढे एच असेल तर लिनन, के असेल तर क्रोम. ही तारीख छपाईच्या मागणीची आहे. तेच कार्ड खणात पडून राहून पाच-सात वर्षांनी टपालात गेलेलं असू शकतं. नवशिके इथे हमखास चुकतात ते असे: डेक्स्टरच्या लांब नंबराच्या शेवटी बी किंवा सी असतो, त्यालाही हाच नियम लावतात. टाइखचा आकडा आधी आणि अक्षर लगेच नंतर येतं. तसं नसेल तर हे कोष्टक लावायचं नाही.

पत्ता बघा. “बोस्टन १५, मास.” असा गावानंतर एक-दोन आकडी नंबर म्हणजे टपाल विभाग, १९४३ नंतरचा. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ पासून आला. मात्र छापखान्याचा पत्ता आणि मोटेलचा पत्ता वेगळे वाचा. छापखान्याच्या ओळीत झिप असेल तर कार्ड नक्की १९६३ नंतरचं. झिप नाही म्हणून आधीचंच, असं मात्र ठरत नाही, कारण पुष्कळ मोटेलवाल्यांनी जुनाच मजकूर पुढे चालू ठेवला.

पाठवलेलं कार्ड असेल तर तिकीट बोलतं. अमेरिकेतल्या अमेरिकेत पोस्टकार्डाला १९५१ अखेरपर्यंत १ सेंट लागे. १ जानेवारी १९५२ पासून २ सेंट, १ ऑगस्ट १९५८ पासून ३, ७ जानेवारी १९६३ पासून ४, ७ जानेवारी १९६८ पासून ५ आणि १६ मे १९७१ पासून ६ सेंट. हवाई टपाल आणि परदेशचे दर वेगळे होते, तेव्हा पत्ता कुठला आहे ते बघून मगच हिशेब करा. कोऱ्या कार्डाच्या चौकटीत “एक सेंटचं तिकीट इथे लावा” असं छापलेलं असेल तर ते १९५२ च्या आधीचं समजायला हरकत नाही.

मजकुरातल्या सोयींची यादी फार कामाची. “रेफ्रिजरेटेड एअर” म्हणजे वातानुकूलन. टीव्हीचा उल्लेख ठळक अक्षरांत असेल तर तो अजून मिरवण्याजोगा होता, म्हणजे साधारण १९५० चं दशक. रंगीत टीव्ही मिरवला असेल तर १९६० च्या दशकाचा मध्य किंवा नंतर. नाणं टाकून हलणारा ‘मॅजिक फिंगर्स’ पलंग १९५८ च्या आधीचा नाही. ८०० नं सुरू होणारा फुकट फोन नंबर १९६७ नंतरचा.

शेवटी गाड्या. चित्रातली सगळ्यात नवी गाडी सांगते की फोटो त्याआधीचा नाही. बाकीच्या जुन्या गाड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. पुढे चार दिवे असलेली गाडी साधारण १९५७-५८ च्या मॉडेलपासूनची. उंच उभे शेपटीपंख १९५९ च्या कॅडिलॅकवर कळसाला पोचले. लिननवर मात्र गाडीवरही विश्वास नको, तिच्यावरही कलाकाराचा ब्रश फिरलेला असू शकतो.

हे सगळं एका कार्डावर लावून बघू. समजा, क्रोम कार्ड आहे. समोर पाचव्या खोलीपुढे १९५७ ची शेव्हरोले उभी आहे. मागे छापखान्याचा पत्ता “बोस्टन १५”, झिप नाही. दोन सेंटचं लाल जेफर्सन तिकीट, शिक्का पुसट, त्यात फक्त “जून” वाचता येतो. १९५७ चं मॉडेल १९५६ च्या शरदात बाजारात आलं, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. दोन सेंटचा दर जुलै १९५८ ला संपला. मधे जून दोनच: १९५७ आणि १९५८. शिक्क्यातलं वर्ष न वाचताही शक्यता दोनच वर्षांवर आली. आता मजकुरात मालकांची नावं असतील तर त्या गावाच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात मोटेल कधी विकलं गेलं ते शोधा, उरलेला प्रश्नही सुटू शकतो. टाइखच्या कार्डांसाठी शिकागोची न्यूबेरी लायब्ररी बघा, कंपनीचा सगळा दप्तरसाठा आता तिथे आहे. टिचनरची हजारो कार्डं बोस्टन पब्लिक लायब्ररीनं स्कॅन करून खुली केली आहेत.

मोटेल विकलं गेलं की नवा मालक उरलेल्या कार्डांवर रबरी शिक्का मारी किंवा जुन्या नावावर पट्टी चिकटवी. अशी पट्टी सोलू नका. त्या मोटेलच्या इतिहासातला तो एक टप्पाच आहे आणि कोऱ्या कार्डापेक्षा त्यातून जास्त कळतं.

विकत घेताना

साधं क्रोम मोटेल कार्ड साधारण १ ते ५ डॉलर, चांगलं लिनन ३ ते १०, रियल फोटो १० पासून पुढे कितीही. रात्रीची निऑन पाटी, खोलीचा आतला भाग, कॉफी शॉप किंवा ओळखीची विचित्र इमारत असेल तर किंमत चढते. मोठ्या साखळी मोटेलांची कार्डं ढिगानं मिळतात आणि ढिगाच्याच भावानं घ्यावीत.

ईबे, हिपपोस्टकार्ड आणि डेलकॅम्प या तीन संकेतस्थळांवर माल भरपूर. भारतात मागवताना कार्डापेक्षा टपालखर्च जास्त होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून वीस-पंचवीस कार्डं जमली की एकत्र मागवा. बहुतेक जण एकत्र पाठवायला तयार असतात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात भाऊ, आतेबहीण, कुणी असेल तर त्यांच्या पत्त्यावर जमवून ठेवा आणि डिसेंबरात येतील तेव्हा आणायला सांगा. शंभर कार्डांचा गठ्ठा अर्ध्या किलोच्या आत बसतो, पण तो हातातल्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवायला बजावा. तिकडे राहणाऱ्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानांतली आणि पोस्टकार्ड-मेळ्यांतली खोकी स्वतः चाळावीत. “मोटेल” लिहिलेल्या विभाजकाआधी गावाचा विभाजक बघा, चांगला माल तिथे दडलेला असतो.

सपाट स्कॅनमध्ये घडी दिसत नाही. दहा डॉलरच्या वरचं कार्ड असेल तर तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागा. कोपऱ्याची हलकी मऊ झीज चालते. चित्राच्या आरपार गेलेली घडी, मागे अल्बमच्या काळ्या कागदाचे चिकटलेले तुकडे आणि चकचकीत थर उडालेले डाग किंमत निम्म्यावर आणतात. पेनानं खिडकीवर फुली मारून “आमची खोली” लिहिलेलं असतं, त्याला काही जण दोष मानतात. तसं कार्ड स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या.

नक्कल ओळखणं अवघड नाही. मूळ कार्ड साडेतीन बाय साडेपाच इंचांचं असतं. चार बाय सहा असेल तर बहुधा नंतरचं. बारकोड असेल तर विषयच संपला. लिननची नक्कल असेल तर विण नुसती छापलेली असते: कार्ड उजेडात तिरकं धरा, खऱ्यात उंचवट्यांची सावली पडते. आणखी एक कसोटी अतिनील टॉर्चची. पन्नासच्या दशकापासून कागदात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले. १९३८ चं म्हणून विकलेलं लिनन त्या उजेडात निळं-पांढरं झगझगलं तर परत करा.

जपणूक, विशेषतः आपल्या पावसात

प्रत्येक कार्डाला स्वतंत्र पाकीट हवं, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास मारणारं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते काही वर्षांत चिकट होतं आणि शाईसकट कार्डाला बसतं. चिकट पानांचा फोटो-अल्बम, लॅमिनेशन आणि सेलोटेप हे तिन्ही वर्ज्य. पाकिटं आम्लरहित खोक्यात उभी लावा, फार दाबून नाही. एक बोट आत जाईल इतकी जागा सोडा. खोकं अर्धंच भरलं असेल तर मागे पुठ्ठ्याचा आधार द्या, नाहीतर कार्डं धनुष्यासारखी वाकतात.

मुंबई, कोकण, गोवा इथे खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. दमट हवेत क्रोम कार्डं चकचकीत बाजूनं एकमेकांना चिकटतात, लिननवर तपकिरी ठिपके उठतात आणि कसरीला कागद आणि डिंक दोन्ही आवडतात. मे महिन्यातल्या एखाद्या कोरड्या दुपारी सगळी पाकिटं हवाबंद डब्यात भरा. पाच लिटरच्या डब्यात साधारण १०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा आणि ती कार्डांना टेकू देऊ नका. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवून पुन्हा वापरा. छोटा आर्द्रतामापक दहा-पंधरा रुपयांना मिळत नाही, दोन-अडीचशे लागतात, पण घ्याच: आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांमधे हवी. ओलसर कार्डं डब्यात बंद करणं उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट. डांबर गोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेनं प्लास्टिक खराब होतं. चिकटलेली कार्डं ओढून किंवा पाण्यात भिजवून सोडवायचा मोह आवरा. चकचकीत थर दुसऱ्या कार्डावर निघून जातो आणि दोन्ही जातात.

लिननच्या विणीत बसलेली धूळ मऊ कोरड्या ब्रशनं एकाच दिशेला झटका. खोडरबर लावलं की उंचवट्यांवरची शाई आधी उठते. विक्रेत्यानं मागे पेन्सिलीनं लिहिलेली किंमत तशीच राहू द्या.

नोंद पहिल्या कार्डापासून ठेवा, दोनशे झाल्यावर कुणी ठेवत नाही. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फाइलचं नाव रस्ता, राज्य, गाव, मोटेल, क्रमांक याच क्रमानं द्या, म्हणजे यादी आपोआप रस्त्यावरून चालते. तक्त्यात छापखाना, छपाईचा नंबर, तारखेचा पुरावा, किंमत आणि कुणाकडून घेतलं एवढे रकाने पुरतात. “तारखेचा पुरावा” या रकान्यात नुसतं वर्ष लिहू नका. “२ सेंटचं तिकीट + ५७ ची शेव्हरोले” असं लिहा. क्रमांक पाकिटावर लिहा, कार्डावर नाही. एकाच मोटेलची दोन कार्डं दिसली तर दुसरं विकण्याआधी छपाईचा नंबर ताडून बघा: चित्र तेच, पण मागे मालक बदललेले असतात.